जोडीने सव्हाना

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला जाताना चालायचे बूट घ्या, असं प्रत्येक जण सांगतो. बसायची तयारी ठेवून जा, असं कोणी सांगत नाही. या गावात चालणं म्हणजे एका बाकावरून उठून पुढच्या बाकावर जाऊन बसणं. दोन-तीन मिनिटं चाललं की झाडांनी झाकलेला एक चौक लागतो. मधे पुतळा किंवा कारंजं, कडेने बाक, आणि डोक्यावर ओकच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. या जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळही नाही आणि स्पेनशी त्याचा संबंधही नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते अननसाचं भावंड. झाडाकडून ते काही घेत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगतं. एवढी माहिती मी बाकावर बसून ऐकली. सांगणारा उभा होता.

सांगणारा म्हणजे नवरा. त्याला बाकावर बसवणं हे एक कामच आहे. तो पाट्या वाचतो. लोखंडी, पितळी, दगडी, जी दिसेल ती, पूर्ण, खाली ती पाटी कोणी आणि कोणत्या साली लावली इथपर्यंत. मी बसायची, तो वाचून परत यायचा आणि मला गोषवारा द्यायचा. सगळा शनिवार-रविवार असाच गेला आणि दोघांचंही भांडण झालं नाही, ही मोठीच गोष्ट.

मुलगी कॉलेजला गेल्यानंतरचा हा आमचा पहिला लग्नाचा वाढदिवस. तुळशीचं लग्न लागल्यावर निघालेल्या पहिल्या मुहूर्तांपैकी एक आमचा, त्यामुळे तारीख येते नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आसपास. इतकी वर्षं तो दिवस म्हणजे मुलीच्या आवडीच्या हॉटेलात जेवण आणि भारतातून दोन्ही घरचे फोन. सासूबाईंच्या पिढीत तर हा प्रकारच नव्हता. त्यांना लग्नाची तारीख विचारली की सांगतात, "त्या साली पऱ्हाटी लई चांगली झालती." त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही खामगावकडचं, पंचांग कापसाचं. या वर्षी मात्र मुलीने फोनवरून फर्मान काढलं की घरात बसून एकमेकांची तोंडं बघायची नाहीत, आणि सव्हानातल्या एका जुन्या घरात खोली ठरवूनही टाकली. नवऱ्याचं मत उत्तरेकडच्या डोंगरांना होतं, माझं समुद्राला. मी सावंतवाडीची. समुद्र जिंकला, तोही मुलीच्या मताने. ती आता घरात नसून घर चालवते.

अटलांटाहून सव्हाना चार तासांवर. मेकनला सोळा नंबरचा हायवे लागतो आणि तो सरळ समुद्रापर्यंत जातो. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मधे वळण नाही, डोंगर नाही, काही नाही. यादवी युद्धात, १८६४च्या नोव्हेंबरात, उत्तरेचा जनरल शर्मन अटलांटा जाळून साधारण याच दिशेने निघाला होता. वाटेतलं धान्य, जनावरं, रेल्वेचे रूळ, जे दिसेल ते उद्ध्वस्त करत त्याला समुद्र गाठायला पाच आठवडे लागले. नवऱ्याने हे सगळं मला गाडी चालवता चालवता सांगितलं. मी विडालियाच्या कांद्यांच्या जाहिराती वाचत होते. गोड कांदा, कच्चा खाता येतो, असं म्हणतात. आमच्याकडे कच्चाच खातात, त्यात काय सांगायचं.

मेकन मागे पडून बराच वेळ झाल्यावर पाइन संपून एकदम उघडं शेत आलं आणि नवऱ्याने पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली. मला वाटलं, कॉफी. पण तो शेताच्या कडेला जाऊन उभा राहिला. कापूस. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं, झाडावर पान म्हणून शिल्लक नाही. इथे वेचणीआधी औषध मारून पानं झडवतात, म्हणजे यंत्राला फक्त बोंडं लागतात. पलीकडे वेचून झालेल्या शेतात पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे रांगेत पडले होते, एकेक माणसाहून उंच. माणूस एकही नव्हता. अमेरिकेत कापसात टेक्सासनंतर जॉर्जियाचा नंबर लागतो, हे त्याला माहीत होतं, इतकी वर्षं आम्ही इथे राहतो, तरी दोघांनीही तो उभा कधी पाहिला नव्हता. त्याने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"काय व, तिकडे बी पऱ्हाटी असते?" त्यांनी मला विचारलं, जणू मीच पेरली होती. मग, "येचाले बाया कुठी हायेत?"

बाया नाहीत, मशीन आहे, म्हटल्यावर त्यांनी "बरं" म्हटलं. त्या बरंमध्ये किती बरं आणि किती वाईट होतं ते मला कळलं नाही. लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं त्या वेचणीच्या दिवसांत शेतावर जात. पहिल्या वेचणीआधी सीतादही करायचं, शेतात दहीभात ठेवायचा, मग ओटीत कापूस. बोंडाच्या टोकांनी बोटांची सालं निघतात, हे मला त्यांच्याच हातांवरून माहीत.

सव्हानाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गावाची मूळ आखणी जेम्स ओगलथॉर्पची. १७३३च्या फेब्रुवारीत तो शंभरावर माणसं घेऊन नदीच्या या उंच काठावर उतरला. मधे मोकळा चौक, त्याच्या उत्तर-दक्षिणेला राहती घरं, पूर्व-पश्चिमेला चर्च, कचेरी अशा सार्वजनिक इमारतींसाठी जागा, हा एक संच. गाव वाढलं की असाच आणखी एक संच जोडायचा. असे चोवीस चौक झाले, आज बावीस आहेत. गाड्यांना प्रत्येक चौकाला वळसा घालावा लागतो, त्यामुळे कोणालाही घाई करता येत नाही. पायी चालणारा मात्र सरळ मधून जातो. वाहनांसाठी गैरसोय आणि माणसांसाठी सोय, असं गाव मी अमेरिकेत दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या उपनगरात तर शेजारच्या दुकानात जायलाही गाडी काढावी लागते.

हे सगळं आपोआप टिकलं असं नाही. १९५४ साली एका चौकातला जुना बाजार पाडून तिथे गाड्यांसाठी मजली पार्किंग उभं केलं गेलं. पुढच्या वर्षी १८२० सालचं डेव्हनपोर्ट हाउस पाडायची वेळ आली, तेव्हा सात बायकांनी पैसे जमवून ते विकत घेतलं आणि जुनी घरं वाचवायला संस्था काढली. आज सगळं गाव ज्या पर्यटनावर जगतं ते त्या सात जणींमुळे. ते पार्किंगही नंतर पाडलं आणि एलिस स्क्वेअर २०१०मध्ये पुन्हा मोकळा झाला. तिथे मी नवऱ्याला जबरदस्तीने बसवलं.

चौकांची नावं आणि पुतळे यांचा मेळ बसत नाही, ही एक गंमतच आहे. ओगलथॉर्पचा पुतळा ओगलथॉर्प स्क्वेअरमध्ये नाही, तो चिपेवा स्क्वेअरमध्ये आहे. मॅडिसन स्क्वेअरमध्ये जॅस्पर नावाचा सार्जंट, जॉन्सन स्क्वेअरमध्ये जनरल ग्रीन. पण राइट स्क्वेअरमध्ये ही गंमत राहत नाही. ओगलथॉर्प उतरला तेव्हा इथे यमाक्रा लोकांची वस्ती होती. त्यांचा प्रमुख टोमोचीची. त्याने जागा दिली, भांडण केलं नाही, लंडनला जाऊन राजालाही भेटून आला. १७३९मध्ये तो वारला तेव्हा गावकऱ्यांनी त्याला गावाच्या मधोमध, याच चौकात, सन्मानाने पुरलं. आणि १८८३मध्ये त्याच जागी रेल्वे कंपनी काढणाऱ्या गॉर्डन नावाच्या गृहस्थाचं भलंमोठं स्मारक उभारलं. पुढे गॉर्डनच्याच सुनेला ते लागलं असावं. तिच्या पुढाकाराने १८९९मध्ये चौकाच्या एका कोपऱ्यात टोमोचीचीसाठी एक मोठा ग्रॅनाइटचा धोंडा आणून ठेवला. धोंडा आला स्टोन माउंटनहून, आमच्या घराजवळून. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना त्या डोंगरावर नेतो. यजमानाला कोपऱ्यात आणि व्यापाऱ्याला मधे, हा हिशेब दगडात इतका उघड मांडलेला मी क्वचितच पाहिला.

आमची खोली अशाच एका चौकावर होती. जुनं घर, उंच खिडक्या, चालताना कुरकुरणारी लाकडी जमीन, आणि पलंग इतका उंच की चढायला छोटी शिडी. सकाळी न्याहारी सगळ्या पाहुण्यांनी एकाच मोठ्या टेबलावर करायची. आमचा लग्नाचा वाढदिवस आहे हे मुलीने आधीच कळवून ठेवलं होतं, त्यामुळे अनोळखी जोडप्यांनी आम्हाला टाळ्या वाजवून शुभेच्छा दिल्या. समोर बसलेल्या टेनेसीच्या एका आजीबाईंनी विचारलं की इतकी वर्षं टिकवण्याचं गुपित काय. हा प्रश्न अमेरिकेत नेहमी विचारतात. नवरा म्हणाला, "ती बसते, मी उभा राहतो." सगळे हसले. त्यांना वाटलं, काहीतरी पौर्वात्य तत्त्वज्ञान असावं.

आदल्या रात्री जेवायला गेलो तेव्हा मी श्रिम्प अँड ग्रिट्स मागवलं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, लोणी आणि चीज घालून शिजवलेल्या. नवऱ्याने एक चमचा खाऊन पाहिला आणि म्हणाला, आमच्याकडे ज्वारीच्या असतात, ताकातल्या, आणि त्या गरिबाचं जेवण म्हणून पाहुण्याला कोणी वाढत नाही. इथेही ते मूळ गरिबाचंच अन्न. गुलामांना आठवड्याचा शिधा म्हणून मका मिळायचा. आता ते तांब्याच्या भांड्यातून येतं आणि बिल बघून पाणी प्यावंसं वाटतं. कोळंबी मात्र उत्तम होती, त्यात मी माहेरचा निकष लावूनही काही कमी काढू शकले नाही. जेवणानंतर वेटरने उरलेली वाइन प्लास्टिकच्या ग्लासात ओतून दिली. सव्हानाच्या जुन्या भागात ती हातात घेऊन रस्त्यावर फिरायला परवानगी आहे. लग्नाच्या वाढदिवसाला प्लास्टिकच्या ग्लासातून वाइन पीत रस्त्याने जाणं मला अतिशय आवडलं. जवळून छत कापलेली एक जुनी शववाहिका गेली, आत भुतांच्या सहलीला निघालेले पर्यटक ओरडत होते. या गावात भुतांचा धंदा जोरात आहे.

शनिवारी सकाळी नदीवर गेलो. रिव्हर स्ट्रीट खाली पाण्याच्या पातळीला, गाव वर कड्यावर. मधे चार-पाच मजली गोदामं, ज्यांचा तळमजला नदीवर उघडतो आणि वरचा मजला लोखंडी पुलांनी गावाला जोडलेला. खालच्या रस्त्यातले दगड जहाजांनी वजनासाठी भरून आणलेले. येताना दगड, जाताना कापूस. पुलांच्या ओळीला फॅक्टर्स वॉक म्हणतात. फॅक्टर म्हणजे कापसाचे दलाल. तिथेच १८८०च्या दशकातली कॉटन एक्स्चेंजची लाल विटांची इमारत आहे. तिथे नवरा जवळजवळ हरवलाच. त्याचे वडील आयुष्यभर खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबनीस होते. कापसाचा ट्रक काट्यावर कसा घेतात, गाडीच्या पोटात हात घालून ओला माल कसा ओळखतात, प्रत ठरवताना दलालाचा चेहरा कसा असतो, हे तो लहानपणापासून बघत आलेला. "इथे उभं राहून ते खालच्या गाठींची प्रत ठरवत असणार," तो कठड्यावरून वाकून म्हणाला. पर्यटकांच्या गर्दीत एक माणूस दीडशे वर्षांपूर्वीचा बाजार बघत उभा होता, आणि मी त्याला बघत.

जॉन्सन स्क्वेअरमधला तो जनरल ग्रीन इथे पुन्हा भेटतो. स्वातंत्र्ययुद्धातल्या कामगिरीबद्दल त्याला सव्हानाजवळ एक मोठी जमीनदारी मिळाली. तो लवकर वारला. त्याच्या विधवेच्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या एली व्हिटनी नावाच्या तरुणाने १७९३मध्ये सरकी वेगळी करणारं यंत्र, म्हणजे जिन, बनवलं. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हाताने काढायला इतका वेळ लागे की तो पिकवणं परवडत नसे. यंत्र आलं तर माणसांचे कष्ट कमी होतील, असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. कापूस पिकवणं फायद्याचं झालं, मग आणखी जमीन लागली, आणि जमिनीवर राबायला आणखी गुलाम लागले. मघाच्या शेतातली बिनमाणसाची वेचणी यायला दीडशे वर्षं जायची होती. "आपल्याकडे करवतीचं जिन चालत नाही, डबल रोलर," नवऱ्याने पुस्ती जोडली. आपल्याकडे रुळावर सरकी काढणारी चरकी तर व्हिटनीच्या कितीतरी आधीपासून होती.

नदीकाठच्या एका बाकावर (इथे तो आपण होऊन बसला) त्याने मला जे सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं होतं, पण नदीसमोर बसून ऐकताना ते एका ओळीत आलं. १८६१मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. सव्हाना नदीच्या तोंडावरचा फोर्ट पुलास्की १८६२च्या एप्रिलमध्ये तीसेक तासांच्या तोफमाऱ्यात पडला आणि या धक्क्यावरून कापूस जाणं जवळजवळ थांबलं. इंग्लंडमधल्या लँकशरच्या कापडगिरण्या उपाशी राहिल्या. मग त्यांनी मुंबईकडे पाहिलं. मुंबईत इतका पैसा आला की लोक समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर डोळे मिटून घेऊ लागले. १८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण गेला, कापसाचा भाव पडला आणि त्या उन्हाळ्यात मुंबईतले कोट्यधीश रस्त्यावर आले. प्रेमचंद रायचंद त्यातलेच. आईच्या नावाने बांधायला त्यांनी पैसे दिलेला राजाबाई टॉवर तेवढा आज उभा आहे. पण कापसाची ओढ संपली नाही. वऱ्हाडात रेल्वे आली, १८७०मध्ये जलंबहून खास खामगावसाठी फाटा निघाला आणि कापसाचा बाजार वसला. त्या बाजारामुळे जिनं आली, जिनांमुळे हिशेबनीस. म्हणजे माझ्या सासऱ्यांची नोकरी, त्यावरचं नवऱ्याचं इंजिनिअरिंग आणि आमचं अटलांटातलं घर, या सगळ्याच्या एका टोकाला हा बंद पडलेला धक्का.

समोरून एक कंटेनरचं जहाज गेलं. नदी अरुंद असल्यामुळे ते अंगावर येतंय असं वाटतं, दुकानांच्या खिडक्या झाकून टाकतं. वर सव्हानाचं बंदर आहे, देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. धक्क्याच्या टोकाला त्या जहाजांकडे रुमाल हलवणाऱ्या एका बाईचा पुतळा आहे. फ्लॉरेन्स मार्टस. १८८७ ते १९३१ या काळात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला ती दिवसा रुमाल आणि रात्री कंदील हलवायची. ती दीपगृह सांभाळणाऱ्या भावाबरोबर एका बेटावर राहायची. गाइड लोक तिला एक परत न आलेला खलाशी प्रियकर चिकटवतात. बाईने चार दशकं मनापासून काही केलं तर त्यामागे पुरुष असलाच पाहिजे, ही समजूत दोन्ही खंडांत सारखी.

दुपारी ओवेन्स-थॉमस हाउस पाहिलं. १८१९चं घर, त्या काळी नळाचं पाणी, आणि माडीवर दोन भाग जोडायला घरातच एक छोटा पूल. पण आता तिथला फेरफटका मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांपासून सुरू होतो. छताला फिकट निळा रंग आहे, नीळ आणि चुन्याचा, भुताखेतांना लांब ठेवण्यासाठी लावलेला. पुढच्या घरात झुंबरं, मागे हा निळा रंग. मला झुंबरं आठवत नाहीत.

रविवारी निघण्याआधी नवऱ्याने गाडी पश्चिमेला वळवली. पर्यटकांचा नकाशा जिथे संपतो त्याच्याही पलीकडे, साध्या वस्तीत, एका त्रिकोणी बागेत २००८मध्ये लावलेली एक पाटी आहे. इथे पूर्वी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. फिलाडेल्फियाचा पिअर्स बटलर कर्जात बुडाला होता, म्हणून २ आणि ३ मार्च १८५९ रोजी त्याच्या मळ्यांवरच्या ४३६ माणसांचा इथे लिलाव पुकारला गेला. त्यांना घोड्यांच्या ठाणात ठेवलं होतं. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. कृष्णवर्णीयांच्या आठवणीत त्या दिवसांचं नाव 'वीपिंग टाइम' असं राहिलं आहे. लिलावातून तीन लाख डॉलरहून जास्त आले.

न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा एक बातमीदार गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन तिथे हजर होता, त्यामुळे काही जणांची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. जेफ्री, यादीतला क्रमांक ३१९, वय २३, शेरा: उत्तम कापूसकामगार. बोली १३१० डॉलरवर गेली. त्याचं डॉर्कसवर प्रेम होतं, क्रमांक २७८. नव्या मालकाच्या मागे लागून तो विनवत राहिला की तिलाही घ्या, आम्ही लग्न करू, दोघं मिळून चांगलं काम करू, ती किती कामाची आहे ते तुम्ही बघा तरी. स्वतःच्या होणाऱ्या बायकोचं वर्णन त्याला विक्रेत्याच्या भाषेत करावं लागलं, कारण मालकाला तेवढीच भाषा कळत होती. मालक तयारही झाला. पण लिलावाची अट होती की कुटुंबं फोडायची नाहीत. डॉर्कस चार जणांच्या कुटुंबात मोजलेली होती, ती एकटी मिळणार नव्हती, आणि चौघांना घ्यायची मालकाची तयारी नव्हती. जी अट दया म्हणून घातली होती तिनेच ती दोघं वेगळी झाली. लग्न झालेलं नसल्यामुळे जेफ्री तिच्या कुटुंबात धरला गेला नाही. झालेलं असतं तरी कायद्याने गुलामांचं लग्न लग्न नव्हतंच.

आम्ही दोघं त्या पाटीसमोर उभे होतो. लग्नानंतर लगेच नवरा व्हिसावर पुढे आला आणि मी कागदपत्रांसाठी मागे सावंतवाडीत थांबले होते, तो काळ मला आठवला, आणि आठवला म्हणून माझा मलाच राग आला. त्या थांबण्याच्या शेवटी तारीख होती. ही तुलना कोणी करू नये, मीसुद्धा. नवऱ्याने पाटी नेहमीसारखी शेवटपर्यंत वाचली, पण या वेळी गोषवारा दिला नाही.

परत फिरताना मॅडिसन स्क्वेअरपाशी थांबलो, कारण तिथलं ग्रीन-मेलड्रिम हाउस त्याला बाहेरून तरी बघायचं होतं. हे एका श्रीमंत कापूसव्यापाऱ्याचं घर. शर्मन गावात शिरला तेव्हा मालकाने स्वतःच ते त्याला राहायला दिलं. शर्मनने लिंकनला नाताळची भेट म्हणून सव्हाना शहर देत असल्याची तार केली, सोबत दीडशे तोफा आणि सुमारे पंचवीस हजार गाठी कापूस. ती तार इथे प्रत्येक दुकानात कपावर छापून मिळते. पण याच घरात १२ जानेवारी १८६५च्या रात्री वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं गेलं की तुमच्या लोकांना काय हवं आहे, हे कपावर नाही. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलला. सदुसष्ट वर्षांचा. म्हणाला, आम्हाला जमीन द्या, ती आम्ही कसू आणि आमचं आम्ही भागवू. चार दिवसांत शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम काढला. लिंकनच्या खुनानंतर आलेल्या राष्ट्राध्यक्षाने वर्ष संपायच्या आत तो फिरवला आणि जमिनी बहुतेक जुन्या मालकांकडे गेल्या.

फ्रेझरने त्या रात्री स्वतःबद्दलही सांगितलं होतं. तो १८५७पर्यंत गुलाम होता. मग सोन्याचांदीच्या नाण्यांत एक हजार डॉलर भरून त्याने स्वतःला आणि बायकोला विकत घेतलं. दोघांचे मिळून एक हजार. जेफ्री एकटाच तेराशेला गेला, तो तरुण होता म्हणून. साठीला आलेलं जोडपं स्वस्तात सुटलं. त्या पैशांसाठी त्यांनी किती वर्षं नाणी साठवली असतील, घरात ती कुठे लपवली असतील, कोणाच्या आधी कोणाला सोडवायचं यावर त्यांचं बोलणं झालं असेल का, याचा मी मेकनपर्यंत विचार करत होते. बायकोचं नाव त्या रात्रीच्या नोंदीत नाही.

वाटेत सासूबाईंचा फोन आला, तिकडे सोमवारची पहाट. वाढदिवस कसा झाला, काय खाल्लं, हे झाल्यावर त्यांनी मूळ प्रश्न विचारला. "भाव काय भेटते तिकडे?"

नवऱ्याने गाडी पेट्रोलपंपावर घेतली, मोबाइलवर दर काढला, आणि मग त्याला हिशेब लागेना. इथे भाव पौंडाला सेंटमध्ये आणि तोही सरकी काढलेल्या रुईचा. खामगावात क्विंटलला, सरकीसकट. इथली गाठ ४८० पौंडांची, तिकडची १७० किलोची. तो पावतीच्या मागे गुणाकार करत होता, सासूबाई तिकडून "शंभर किलोत रुई किती निघते ते धर आधी" म्हणून दुरुस्त करत होत्या, आणि मी दोघांच्या मधे फोन धरून उभी होते.

"पस्तीस धर," त्या म्हणाल्या.

"तेहेतीस, आई. पस्तीस व्यापारी सांगतात."

"तुह्ये बाबा चौतीस धरत."

चौतीस धरलं.